ऐंशी गुणांची किंमत

डिसेंबरच्या मध्यावर, ऑस्ट्रेलियात उन्हाळा सुरू झालेला असताना, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या बारावीच्या मुलांना दोन निकाल मिळतात. पहिला राज्याच्या परीक्षा मंडळाचा. 'नेसा' या नावानं ओळखलं जाणारं हे मंडळ प्रत्येक विषयाचे शंभरपैकी गुण देतं. दुसरा निकाल विद्यापीठ प्रवेशाचं काम पाहणाऱ्या 'यूएसी' या संस्थेकडून येतो, आणि त्यात फक्त एक आकडा असतो. ८४.३५, किंवा ६७.९०, किंवा ९७.१५. या आकड्याला म्हणतात 'एटार', म्हणजे ऑस्ट्रेलियन टर्शरी ॲडमिशन रँक.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की प्रश्न सुरू होतात. सगळ्या विषयांत ऐंशीच्या आसपास गुण मिळवलेल्या दोन मैत्रिणी असतील, तर एकीचा एटार नव्वदीच्या पुढे आणि दुसरीचा ऐंशीच्याही खाली असू शकतो. शाळा तीच, गुणांची बेरीज जवळपास तीच. फरक असतो तो दोघींनी घेतलेल्या विषयांत, आणि त्याहून जास्त त्या विषयांच्या वर्गात त्यांच्यासोबत कोण बसलं होतं यात. या हिशेबाला तिकडे सगळे 'स्केलिंग' म्हणतात. त्याच्याबद्दल जितका बोलबाला आहे तितकी माहिती नाही. 'फिजिक्स वर जातं, आर्ट खाली येतं' एवढंच ऐकून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे विषय ठरवले जातात. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

सुरुवात एटारपासूनच. हा आकडा गुणांचा नाही, टक्क्यांचाही नाही. तो जागा सांगतो. ज्याचा एटार ८० आहे, तो आपल्या वयाच्या ऐंशी टक्के मुलांच्या पुढे आहे. यात नुसती बारावीला बसलेली मुलं धरलेली नाहीत. मधेच शाळा सोडून कामाला लागलेली, कुठल्यातरी धंद्याचं शिक्षण घेणारी मुलंही त्या वयोगटात मोजली जातात. साहजिकच बारावीपर्यंत पोचलेल्या मुलांचा सरासरी एटार ५० नसतो, सत्तरच्या आसपास असतो. ६८ आला म्हणून 'जेमतेम पास' समजून खचणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं. आकडा ०.०५ च्या पायऱ्यांनी चढतो आणि ९९.९५ वर थांबतो. त्या शेवटच्या पायरीवर राज्यात दर वर्षी पन्नासच्या आसपास मुलं असतात. ३० च्या खालचा नेमका आकडा सांगितलाच जात नाही, नुसतं '३० किंवा कमी' असं लिहिलं जातं.

जागा ठरवायची तर सगळ्यांना एका रांगेत उभं करावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच येते. न्यू साउथ वेल्सच्या बारावीत शंभराहून अधिक विषय आहेत. सक्ती फक्त इंग्रजीची. गणितसुद्धा ऐच्छिक. एकजण गणिताचा सर्वांत वरचा अभ्यासक्रम, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतो. दुसरी इतिहास, चित्रकला आणि नाटक घेते. तिसरा व्यवसाय अध्ययन आणि साधं गणित निवडतो. या तिघांचे गुण सरळ बेरीज करून लावले, तर अन्याय होणार हे उघड आहे. पण कुठल्या विषयाला किती वजन द्यायचं हे ठरवायचं कुणी?

बहुतेकांना वाटतं की एखादी तज्ज्ञांची समिती बसते आणि कुठला विषय किती अवघड ते ठरवून गुण वाढवते किंवा कापते. तसं काहीही होत नाही. स्केलिंगच्या हिशेबात विषयाच्या काठिण्याला जागाच नाही. हिशेब विचारतो ते एवढंच, की हा विषय घेणारी मुलं त्यांच्या इतर विषयांत कशी आहेत?

गावच्या जत्रेतल्या आखाड्यात पहिला आलेला पैलवान आणि महाराष्ट्र केसरीच्या मैदानात दहावा आलेला पैलवान यांत मोठा कोण, हे नुसत्या क्रमांकावरून सांगता येत नाही. पण जत्रेतले काही पैलवान केसरीच्या मैदानातही उतरले असतील, तर त्यांनी तिथे काय केलं ते पाहून दोन्ही मैदानांची तुलना होऊ शकते. बारावीत ही सोय आपोआप मिळते, कारण प्रत्येक मूल पाच-सहा विषयांच्या मैदानांत उतरलेलं असतं. भौतिकशास्त्राची मुलं इंग्रजीत आहेत, इंग्रजीची मुलं इतिहासात आहेत, इतिहासातली काही गणितात आहेत. या जाळ्याच्या आधारानं सगळे विषय एका मापावर आणता येतात.

नियम एका वाक्यात मावतो. एखाद्या विषयाची स्केल केलेली सरासरी ही तो विषय घेतलेल्या मुलांच्या सर्व विषयांतल्या स्केल केलेल्या गुणांच्या सरासरीएवढी असली पाहिजे. कल्पनेतलं उदाहरण घेऊ. 'क' आणि 'ख' या दोन विषयांत उत्तरपत्रिकांची सरासरी सत्तरच आली. स्केल केलेले गुण पन्नासपैकी मोजले जातात, आणि त्या मापानं 'क' घेणारी मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत सरासरी ३२ च्या पातळीवर आहेत आणि 'ख' घेणारी २२ च्या. मग 'क' मधल्या सत्तरची किंमत ३२ च्या जवळ जाते आणि 'ख' मधल्या सत्तरची २२ च्या जवळ. प्रत्येक विषयाच्या आत मात्र मुलांचा क्रम जसाच्या तसा राहतो. जो वर्गात पुढे होता तो पुढेच.

यात एक पेच आहे. इतर विषयांतले स्केल केलेले गुण माहीत असल्याशिवाय या विषयाची सरासरी ठरत नाही, आणि या विषयाची सरासरी ठरल्याशिवाय इतर विषयांचे गुण स्केल होत नाहीत. म्हणून सगळ्या विषयांची समीकरणं एकदमच सोडवली जातात. शाळेत दोन अज्ञातांची दोन समीकरणं सोडवतो तसंच, फक्त इथे अज्ञातं शंभराच्या वर असतात. इंग्रजी सर्वांना असल्यानं ती जाळ्यातली सर्वांत मोठी गाठ ठरते, पण ती मापाची पट्टी नाही. सगळे विषय मिळून एकमेकांचं माप ठरवतात. हे काम विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या समितीच्या वतीनं एक तांत्रिक समिती करते. नंतर यूएसी विषयवार तक्त्यांसह सविस्तर अहवाल प्रसिद्ध करते आणि तो कुणालाही वाचता येतो.

या नियमाचे परिणाम नवख्याला चक्रावून टाकतात. गणिताच्या सर्वांत वरच्या अभ्यासक्रमाची स्केल केलेली सरासरी पन्नासपैकी चाळीसच्या वर जाते. एकूण सरासरी पंचविसाच्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की ही उंची कळते. अर्थात, तो पेपर अवघड आहे म्हणून हे घडत नाही. तो घेणारी मुलं इंग्रजीपासून रसायनशास्त्रापर्यंत बाकी सगळ्यातही पुढे असतात, म्हणून घडतं. उद्या तोच पेपर, तितकाच अवघड, सर्व थरांतल्या मुलांनी दिला तर त्याची सरासरी खाली येईल. आणि अवघड विषय घेतला की गुण वाढतात हेही खरं नाही. त्या वर्गात तळाशी राहिलेल्या मुलाला खालचाच भाव मिळतो. 'वर जाणाऱ्या' विषयात मागे पडणं आणि 'खाली येणाऱ्या' विषयात पहिलं येणं यांतला सौदा दर वेळी मुलाच्या फायद्याचा असेलच असं नाही.

दुसरा मोठा गैरसमज 'गुण कापले' हा. स्केल केलेले गुण जवळजवळ प्रत्येक विषयात निकालपत्रावरच्या गुणांपेक्षा कमीच दिसतात. कारण दोन्हींची पट्टीच वेगळी आहे. ही वेगळी पट्टी कुठून आली हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९९७ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बॅरी मॅकगॉ यांनी राज्याच्या बारावीचा आढावा घेतला. त्याआधी मुलांचे गुण मुख्यतः एकमेकांच्या तुलनेत ठरत. मॅकगॉ यांचं म्हणणं होतं की मुलाला विषय किती येतो हे ठरलेल्या निकषांवर सांगा. २००१ पासून तशी बारावी सुरू झाली. आता अनुभवी शिक्षक उत्तरपत्रिका पाहून ठरवतात की कुठल्या कच्च्या गुणांवर कुठली पातळी गाठली गेली, आणि त्यानुसार मुलाला सहापैकी एका पट्ट्यात बसवलं जातं. नव्वदच्या वरचा पट्टा सहावा, सर्वांत वरचा. या पद्धतीत बरीच मुलं सत्तर ते नव्वदच्या दरम्यान येतात, कारण बऱ्याच मुलांना विषय चांगला येतो. त्यात वावगं काही नाही.

पण सत्तर ते नव्वदमध्ये दाटलेल्या मुलांची रांग लावता येत नाही. म्हणून स्केलिंग निकालपत्रावरच्या गुणांना हात न लावता त्याआधीच्या कच्च्या गुणांपासून सुरू होतं. थोडक्यात, निकालपत्र सांगतं की मुलाला काय येतं, आणि एटार सांगतो की तो इतरांच्या तुलनेत कुठे उभा आहे. दोन प्रश्न वेगळे, उत्तरंही वेगळी. ही फारकत आवश्यकच होती. एकाच आकड्याकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात, आणि आपल्याकडे तर त्याचा अनुभव पुरेसा आहे.

स्केलिंगच्या आधी आणखी एक टप्पा येतो. त्याची चर्चा कमी होते, पण मुलांच्या नशिबावर त्याचा परिणाम मोठा असतो. प्रत्येक विषयाचे निम्मे गुण शाळेच्या वर्षभरातल्या चाचण्यांचे आणि निम्मे मंडळाच्या परीक्षेचे. आता एखाद्या शाळेनं आपल्या मुलांना भरभरून गुण दिले तर? त्यासाठी 'मॉडरेशन' आहे. समजा, एका शाळेत भौतिकशास्त्राला बारा मुलं आहेत. शाळेनं दिलेल्या गुणांची सरासरी ८५, आणि त्याच बारा मुलांची मंडळाच्या परीक्षेतली सरासरी ७०. तर शाळेचे गुण असे खाली ओढले जातात की त्यांचीही सरासरी ७० व्हावी. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला, त्या शाळेतून मंडळाच्या परीक्षेत मिळालेले सर्वाधिक गुण शाळेचे गुण म्हणून मिळतात, मग ते मंडळात कुणीही मिळवलेले असोत. मुलांचा क्रम शाळेनं लावला तोच राहतो आणि त्यांच्यातल्या अंतराचं प्रमाणही शक्यतो तेच ठेवलं जातं. शाळेनं सढळ हातानं गुण दिले तरी उपयोग नाही, हात आखडता घेतला तरी तोटा नाही. शाळेनं करायचं ते एवढंच, की मुलांचा क्रम प्रामाणिकपणे लावायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे दहावीचे वीस अंतर्गत गुण आठवल्याशिवाय राहणार नाहीत. आपल्या मंडळानं २०१९ च्या परीक्षेसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले अंतर्गत गुण काढून टाकले, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला, त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता. दोन वर्षांत मुलांची बुद्धी एवढी खालीवर झाली असं कुणीच म्हणणार नाही. गुण द्यायचे की काढून टाकायचे, एवढेच दोन पर्याय आपण पाहिले. गुण ठेवून ते लेखी परीक्षेच्या पट्टीवर आणण्याचा तिसरा पर्याय जगात दुसरीकडे वर्षानुवर्षं चालू आहे, याकडे आपल्या धोरणकर्त्यांनी गांभीर्यानं पाहायला हवं होतं.

मॉडरेशन आणि स्केलिंग झालं की बेरीज येते. बहुतेक विषय दोन युनिटांचे, प्रत्येक युनिट पन्नासपैकी. इंग्रजीची दोन युनिटं धरावीच लागतात. बाकीच्यांतली सर्वांत चांगली आठ घ्यायची. एकूण पाचशे. या पाचशेपैकीच्या बेरजेवर रांग लागते आणि रांगेतून एटार निघतो.

इंग्रजीची ही सक्ती स्थलांतरित घरांना विशेष भिडते. सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा, वेस्टमीड, वेन्टवर्थव्हिल या भागांत भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी बारावीत वेगळा इंग्रजी अभ्यासक्रम आहे. पण त्यासाठी अट अशी की अकरावी सुरू होण्याआधी त्या मुलाचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण पाच वर्षांहून जास्त झालेलं नसावं. पुण्या-नाशिकच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून नववीत सिडनीला गेलेलं मूल, घरात आणि मैदानावर मराठीच बोलत आलेलं असलं तरी, या अटीत बसत नाही. त्याला शेक्सपिअर आणि ऑस्ट्रेलियन कवितेच्या वर्गात तिथल्याच मुलांच्या बरोबरीनं बसावं लागतं. गणितात आघाडीवर असलेल्या अशा मुलाचा एटार इंग्रजीच्या दोन युनिटांत अडकतो. पालक गणिताच्या शिकवणीवर पैसे घालत असतात, तेव्हा जड जाणारा विषय दुसराच असतो.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात पायाभूत तत्त्व हेच, पण तपशील वेगळे आहेत. तिथे विषयाचे गुण आधीच असे मांडले जातात की सरासरी ३० यावी, कमाल ५०. मग स्केलिंग होतं. गणिताच्या सर्वांत वरच्या विषयातले ३० स्केलिंगनंतर चाळिशीच्या पलीकडे जातात, तर साध्या गणितातले ३० सत्तावीस-अठ्ठावीसवर येतात. लॅटिनसारख्या, मोजक्या मुलांनी घेतलेल्या भाषेत ३० चे चाळिशीच्या बरेच पुढे होतात. वरच्या विषयात स्केल केलेले गुण पन्नासच्याही पुढे जाऊ शकतात. इंग्रजीसह चार चांगले विषय पूर्ण धरले जातात, आणि पाचव्या-सहाव्याचा दहावा हिस्सा जमेत येतो.

व्हिक्टोरियाकडे आणखी एका कारणासाठी पाहायला हवं. तिथल्या सरकारनं ठरवलं की मुलांनी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकावी. म्हणून अशा प्रत्येक भाषेच्या स्केल केलेल्या सरासरीत पाच गुणांची भर घातली जाते. हिंदी, पंजाबी, तमिळ या भाषाही तिथे बारावीला घेता येतात. गणिताच्या विषयांसाठीही तिथे खास तजवीज आहे. त्यांची आपसातही तुलना केली जाते, आणि मुलाच्या फायद्याचा निकाल धरला जातो. न्यू साउथ वेल्समध्ये भाषेला अशी भर नाही. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच मूल, एकच भाषा, आणि हिशेब वेगळा. सूत्र कितीही गणिती असलं तरी त्याच्या मुळाशी माणसांनी केलेली निवड असते, आणि ती निवड उघडपणे सांगितली गेली तर तिच्यावर वाद घालता येतो.

क्वीन्सलंड राज्यानं तर पूर्ण वेगळी वाट धरली होती. तिथे १९९२ ते २०१९ या काळात बारावीच्या मुलांना १ ते २५ अशी श्रेणी मिळे. शाळा-शाळांची आणि विषया-विषयांची तुलना करण्यासाठी एक सामायिक परीक्षा घेतली जाई. त्या परीक्षेत मुलाला स्वतःला काय मिळालं यापेक्षा त्याच्या शाळेच्या गटाला काय मिळालं, याला महत्त्व होतं. २०२० पासून क्वीन्सलंडही एटारकडे वळलं.

या सगळ्यातून महाराष्ट्राकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. आपल्याकडे एमएचटी-सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे मूल किती टक्के मुलांच्या पुढे आहे या मापात, सात दशांश स्थळांपर्यंत दिला जातो. सकाळच्या सत्रातला पेपर जड आणि दुपारचा हलका गेला तरी पर्सेंटाइलनं तुलना होते. ती चालते, कारण हुशार मुलं सकाळी आणि कच्ची मुलं दुपारी, अशी वाटणी कुणी केलेली नसते. दोन्ही सत्रांतले समूह साधारण सारखेच असतात, असं धरायला आधार आहे. स्केलिंगचं गृहीतक नेमकं याच्या उलट आहे. विषय मुलांनी स्वतः निवडलेले असतात, म्हणून समूह सारखे नाहीत, हेच तिथे आधी मान्य केलेलं असतं.

हा फरक नजरेआड झाला की काय होतं ते मुंबईनं अनुभवलं आहे. अकरावीच्या प्रवेशात एसएससी, सीबीएसई आणि आयसीएसई या मंडळांच्या मुलांची एकच यादी लावायची म्हणून २००८ मध्ये राज्य सरकारनं पर्सेंटाइल सूत्र आणलं. कुठलंही निव्वळ पर्सेंटाइल सूत्र असं गृहीत धरतं की लाखो मुलांच्या मंडळातला वरचा दहावा हिस्सा आणि काही हजार मुलांच्या मंडळातला वरचा दहावा हिस्सा यांची पातळी एकच आहे. पालक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयानं ते सूत्र रद्द ठरवलं. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांसाठी ठेवण्याचा निर्णय आला, तोही उच्च न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये एसएससीसाठी 'बेस्ट फाइव्ह', म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरण्याचं सूत्र आलं. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे मात्र सरकारची बाजू ग्राह्य धरली गेली. सलग तीन वर्षं, ऐन जून-जुलैत, पंधरा वर्षांच्या मुलांचे प्रवेश कोर्टाच्या तारखांवर लटकत राहिले.

केंद्रानंही हा प्रयोग केला. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना चाळीस टक्के वजन होतं आणि ते गुण त्या त्या मंडळातल्या पर्सेंटाइलच्या आधारे एका पट्टीवर आणले जात. २०१७ पासून ते वजन काढून टाकलं गेलं. बारावी पुन्हा फक्त पात्रतेपुरती उरली. वर्ग ओस आणि क्लास गजबजलेले, हे चित्र त्यानंतर आणखी गडद झालं.

वेगवेगळ्या मंडळांचे समूह जोडायला सामायिक विषयांचं जाळं लागतं. ते आपल्याकडे नव्हतं, कारण एक मूल एकाच मंडळाची परीक्षा देतं. न्यू साउथ वेल्समध्ये मंडळ एकच आणि मुलं अनेक विषयांत विखुरलेली, म्हणून ते जाळं तयारच मिळतं. त्यांचं सूत्र उचलून इथे बसवता येणार नाही. पण त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती त्यांची रीत. नियम परीक्षेच्या आधी ठरलेला असतो, छापलेला असतो, आणि निकाल लागल्यावर प्रत्येक विषयाचं काय झालं याचा हिशेब लोकांसमोर ठेवला जातो.

त्यांच्या पद्धतीतही उणिवा आहेत, आणि त्या गंभीर आहेत. सूत्र असं मानतं की एका विषयात चमकणारं मूल साधारणपणे इतर विषयांतही चमकतं. बहुसंख्य मुलांबाबत ते खरं असेल. पण ज्या मुलीचं सगळं सामर्थ्य संगीतात एकवटलं आहे, तिच्या वर्गातली बाकी मुलं इतर विषयांत मध्यम असली, तर तिच्या उत्तम कामाचीही कमाल किंमत आधीच मर्यादित झालेली असते. स्केल केलेले सर्वाधिक गुण प्रत्येक विषयात पन्नासच्या जवळ पोचतातच असं नाही. शहरापासून दूरच्या छोट्या शाळांत गणिताचा वरचा अभ्यासक्रम शिकवायला शिक्षकच नसतो, तिथल्या मुलांपुढे तर निवडच उरत नाही. सूत्र त्यांच्यावर अन्याय करत नाही, पण आधी झालेला अन्याय भरूनही काढत नाही.

आणि मग विषय निवडण्याचा खेळ. काही मुलं 'वर जाणारा' म्हणून न झेपणारा विषय घेतात. काही उलट, वरच्या गणिताला टाळून साध्या गणितात सहावा पट्टा गाठायला जातात आणि पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी अडतात. ही गळती थांबावी म्हणून सिडनी विद्यापीठानं २०१९ मध्ये अनेक पदव्यांसाठी बारावीच्या वरच्या पातळीच्या गणिताची अट घातली होती. स्केलिंगचे तक्ते पाहून विषय निवडण्यात आणखी एक खोट आहे. निवड दहावीत होते, तर स्केलिंग दर वर्षी नव्यानं, बारावीच्या परीक्षेनंतर. म्हणजे मूल ज्या तक्त्यावर विसंबतं तो त्याच्या निकालापर्यंत जवळपास तीन वर्षं शिळा झालेला असतो, आणि त्यातले आकडे त्याच्या नव्हे, आधीच्या मुलांच्या वर्गाचे असतात.

प्रवेशाच्या दारात एटार एकटाच नसतो, हेही घरोघरी कमी माहीत असतं. विद्यापीठं एटारमध्ये काही गुण मिळवतात. दूरच्या भागात राहणारी, घरची परिस्थिती कठीण असलेली किंवा अभ्यासक्रमाशी जवळचा विषय चांगला केलेली मुलं त्यासाठी पात्र ठरतात. मेलबर्नच्या मिचेल इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये दाखवून दिलं की २०१६ च्या देशी पदवी प्रवेशांपैकी जेमतेम चौथा हिस्सा एटारच्या आधारे झाला होता. बाकीचे आधीच्या शिक्षणावर, तयारीच्या अभ्यासक्रमांतून, मोठ्या वयात परतलेल्यांसाठीच्या वाटांनी आलेले होते. भारतीय घरांत ज्याची सर्वाधिक चर्चा होते त्या वैद्यकीय शिक्षणासाठी न्यू साउथ वेल्स विद्यापीठ किंवा वेस्टर्न सिडनी विद्यापीठ एटारच्या जोडीला यूकॅट या स्वतंत्र परीक्षेचे गुण आणि मुलाखतही धरतं. आणि हवा तो अभ्यासक्रम पहिल्या खेपेला हुकला, तर दुसऱ्या एखाद्या पदवीचं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो. त्या अर्जात विद्यापीठातल्या वर्षभराच्या गुणांनाही वजन मिळतं, बारावीत कुठला विषय वर गेला आणि कुठला खाली आला यापुरतीच मग गोष्ट उरत नाही.